चीन : रामा मार्केटच्या मागे

दिल्लीत चीनचे दोन पत्ते आहेत. एक चाणक्यपुरीत, शांतिपथावर. तिथं वकिलात आहे, उंच भिंत आहे आणि भिंतीच्या आत खरे चिनी आहेत. दुसरा पत्ता मुनिरका गावात, रामा मार्केटच्या मागच्या गल्लीत. तिथं भिंत नाही, कारण घालायला जागाच नाही. आणि चिनी म्हणाल तर एकही नाही. तरी मुनिरकाच्या बसस्टॉपवर 615 मधून उतरून कुणालाही विचारा, ‘चायनावाली का ठेला किधर है?’ तो शांतिपथ सांगणार नाही, रामा मार्केटकडेच बोट करील.

ही चायनावाली इंफाळची. इंफाळहून आग्नेयेला निघालं तर 110 किलोमीटरवर मोरे हे सरहद्दीचं गाव लागतं, आणि पलीकडे लागतो तो म्यानमार. चीन लागत नाही. पण दिल्लीत माणसाचं गाव नकाशा बघून ठरवत नाहीत, तोंड बघून ठरवतात. तिच्या ओळखीच्या मुली तिला इचे म्हणायच्या, म्हणजे ताई, म्हणून मीही इचेच म्हणायचो. ती मला भैया म्हणायची. जन्मभर दुसऱ्यांना भैया म्हणत आलेल्या महाराष्ट्रातल्या माणसाला दिल्लीत उतरल्या उतरल्या स्वतः भैया व्हावं लागतं. त्याबद्दल तक्रार करायला तोंड उरत नाही.

मी मुनिरकात आलो त्याचं कारण साधं आहे. पदवी हातात पडली की जेएनयूच्या वसतिगृहातली खोली हातची जाते. माझ्या बरोबरीचे शहाणे लोक नोकरीच्या गावी गेले. उरलेले आम्ही बाबा गंगनाथ मार्ग ओलांडून मुनिरकात आलो, ग्रंथालय जवळ राहील या सबबीवर. मी सरकारी पत्रकांचं मराठी करून पोट भरायचो. ‘लाभार्थ्यांनी लाभ घ्यावा’ हे वाक्य मी जितक्या वेळा लिहिलं तितक्या वेळा कुठल्याही लाभार्थ्यानं लाभ घेतलेला नसेल.

मुनिरका हे जाटांचं जुनं गाव. ज्या दारावर पाहावं तिथं टोकस हे आडनाव. यांच्या शेतांवर रामकृष्णपुरम झालं, वसंत विहार झालं, जेएनयू झाली. गावठाण तेवढं राहिलं. 1908 साली इंग्रजांनी महसुली नकाशावर गावठाणांभोवती लाल रेघ ओढली, तोच लाल डोरा. त्याच्या आत बांधकामाचे नियम ढिले. जागा आडवी मिळेना तेव्हा लोकांनी ती उभी वाढवली. समोरासमोरच्या गॅलऱ्या इतक्या जवळ आल्या की मी दाढी करायला आरसा टांगला की समोरचा त्यातच भांग पाडून घ्यायचा. तळमजल्यावर मालक, आणि वर मजल्यामागून मजले भाडेकरू: यूपीएससीवाले, कॉलसेंटरची पोरं, एक बिहारी कंपाउंडर, आणि मणिपूर, नागालँड, मिझोरमची मंडळी एवढी की आमचे मालक जिन्याला ‘बॉर्डर’ म्हणायचे. मालकांना सगळी गल्ली ताऊ म्हणे. ताऊंनी तरुणपणी फौजेत नोकरी केलेली. ती सगळी जबलपूरच्या भांडारात गेली, सरहद्द त्यांनी चित्रातही पाहिलेली नव्हती. पण चीनच्या बाबतीत गल्लीत त्यांचा शब्द अखेरचा होता.

आणि मग एका सकाळी गल्लीत वास सुटला.

‘चूहा मर ग्या दीखै,’ ताऊंनी हुक्का बाजूला ठेवून जाहीर केलं. उंदराचा शोध झाला. मग गटाराचा झाला. मग पाण्याची टाकी रिकामी करून पाहिली, म्हणजे त्या दिवशी वासाबरोबर आंघोळही गेली. मी जिन्यात आलो आणि थबकलो. हा वास ओळखीचा होता. चिपळूणला पावसाळ्यात ताजी मासळी बंद झाली की आमच्या घरी सुकट भाजायचे आणि शेजारचे शाकाहारी काका खिडक्या लावून घ्यायचे. त्याच घराण्यातला हा वास, फक्त थोरल्या पातीचा. नाकाच्या मागे चौथ्या मजल्यावर पोचलो तर इचे दार अर्धवट लावून उभी, हातात सांडशी, तव्यावर न्गारीचे दोन तुकडे.

न्गारी म्हणजे बारीक मासळी वाळवून, मडक्यात दडपून, महिनोन् महिने मुरवलेली. ती नसेल तर मणिपुरी माणसाचं जेवण झालं असं होत नाही. भाजताना मात्र ती चार मजले आणि गल्लीच्या तोंडाशी बांधलेली ताऊंची म्हैस एवढ्यांना अस्वस्थ करते. 2007 मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडून येणाऱ्यांसाठी सुरक्षिततेची एक पुस्तिका काढली होती. कपडे कोणते घालावेत इथपासून ते बांबूचे कोंब आणि आखुनी असले वासाचे पदार्थ आजूबाजूला गोंधळ न होईल अशा बेतानं शिजवावेत इथपर्यंत तीत उपदेश होता. कोकणी माणसासाठी पोलिसांनी अशी पुस्तिका काढायची ठरवली तर तिचे खंड पडतील. मी इचेला म्हटलं, ‘हमारे यहाँ भी होता है। थोडा चखने को मिलेगा?’ तिनं वाटीत एरोम्बा दिला: उकडलेला बटाटा, शेंगा, मिरची आणि न्गारी एकत्र घोटलेली. खाली जाऊन मी ताऊंना सांगितलं की उंदीर सापडला आणि फेकून दिला. ताऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली. तेव्हापासून चौथ्या मजल्याचा परराष्ट्र व्यवहार माझ्याकडे आला.

इचे धाकट्या भावाबरोबर दिल्लीत आली होती. भाऊ बेर सरायच्या शिकवणीत, ही त्याला रांधून घालायला. भावाचं शिकणं लांबत गेलं आणि घरून येणारे पैसे आखडत गेले, तेव्हा तिनं ठरवलं की बाजारात बसायचं. हे तिनं अशा सुरात सांगितलं की आपण ‘जरा बँकेत जाऊन येते’ म्हणतो. कारण तिची आई इंफाळच्या इमा कैथेलमध्ये बसते. हा बाजार म्हणजे हजारो बाया ओळीनं बसलेल्या, मासळीपासून नेसायच्या फनेकपर्यंत सगळं विकणाऱ्या, आणि विकणारा पुरुष एकही नाही. बसायची जागा सासूकडून सुनेला, आईकडून लेकीला जाते. 1939 साली टंचाईतही तांदूळ बाहेर पाठवला जाऊ लागला तेव्हा या बाजारातल्या बाया दरबारावर चालून गेल्या. ते नुपी लान मणिपुरात शाळेच्या पुस्तकात आहे. अशा बाजाराच्या लेकीला रामा मार्केटमागची गल्ली म्हणजे काय!

2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीनं रस्त्यावरचे ठेले झाडून काढले होते. पाहुणे गेले तसे ठेले परत आले आणि त्या हिवाळ्यात त्यांच्यात एका घडीच्या टेबलाची भर पडली. वर निळी ताडपत्री, एक तराजू, एक चार्जिंगचा दिवा. टेबलावर योंगचाक, म्हणजे हातभर लांबीच्या हिरव्या शेंगा, आंबवलेल्या सोयाबीनचं हवाईजार, काळा तांदूळ, लालभडक उमोरोक मिरच्या. न्गारी टेबलाखाली, सहा पिशव्या एकीत एक घालून. माल यायचा तो इंफाळहून कुणी ना कुणी विमानानं येताना खोक्यात भरून.

टेबल मांडून पुरतं झालं नाही तोच सल्लागार जमले. शेजारचा भाजीवाला म्हणाला, शेंगा उभ्या ठेवा. चहावाला म्हणाला, आडव्या ठेवा. कंपाउंडर म्हणाला, मिरची झाका, लोकांना शिंका येतात. ताऊ म्हणाले, टेबलाचं तोंड उत्तरेला करा. मी म्हणालो, भाव लिहून ठेवा. आम्ही सगळे टेबलासमोर असे उभे होतो की गिऱ्हाइकाला टेबल दिसेना. इमा कैथेलमध्ये पुरुषाला का बसू देत नाहीत, ते मला त्या आठवड्यात उमगलं.

मणिपुरी मुलं यायची, शेंगा बघून डोळे ओले करायची आणि पाव किलो घेऊन जायची. पण पाव किलोवर भाडं निघत नाही. बाकीची गल्ली यायची ती चौकशीला.

‘मॅडम, आप चाइना से हो?’

‘मणिपुर।’

‘मणिपुर चाइना में पडता है?’

‘इंडिया में।’

‘इंडिया में किधर?’

‘नॉर्थ ईस्ट।’

‘अच्छा, दार्जिलिंग! बढ़िया जगह है जी, हम हनीमून पे गए थे। चाऊमीन है?’

इचे सुरुवातीला नेटानं समजावून सांगायची. बोटानं टेबलावर पाणी घेऊन नकाशा काढायची: ही दिल्ली, हा बंगाल, हा आसाम, इथून खाली मणिपूर. गिऱ्हाईक मन लावून ऐकायचं, ‘थँक्यू मॅडम, बहुत जानकारी मिली’ म्हणायचं आणि काही न घेता जायचं. महिनाअखेरीला तिनं हिशेब मांडला. ज्याला भूगोल समजला त्यानं दमडीचा माल घेतला नव्हता. ज्यांनी चाऊमीन मागितलं होतं त्यांना दिलं असतं तर भाडं निघून वर भावाची फी निघाली असती.

इथं एक सांगून ठेवतो. ‘चिंकी’ म्हणून हाक मारली तर अनुसूचित जाती-जमातींच्या कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत आत जावं लागेल, असं गृहखात्यानं 2012 मध्ये बजावलं. गल्लीतल्या पोरांच्या कानावर ते गेलं आणि पोरं घाबरून सभ्य झाली. ती ‘चायनावाली’ म्हणू लागली. इचे म्हणाली, निदान यात धंद्याची जाहिरात आहे.

मग पेंटर आला. तो मूळचा रेवाडीकडचा, ट्रकांच्या पाठी रंगवणारा. त्याला सांगितलं, वर ‘चायनीज’ लिही आणि बाजूला ड्रॅगन काढ. त्यानं विचारलं, ड्रॅगन म्हणजे काय? भावानं फोनवर चित्र दाखवलं, तेव्हाचे फोन एवढेसे आणि चित्र त्याहून लहान. पेंटरनं दोन तास खपून जे काढलं तो नागपंचमीच्या चित्रातला नाग होता, फक्त त्याला पाय होते आणि मिशा हुबेहूब ताऊंच्या होत्या. ताऊ रोज येता-जाता त्या ड्रॅगनकडे बघून आपल्या मिशीवरून हात फिरवायचे.

पाटी लागली तरी प्रश्न उरला की करायचं काय. इचेला चाऊमीन येत नव्हतं. मोमो तर तिच्या घराण्यात कुणी केलेला नव्हता; तो तिबेटी आणि नेपाळी लोकांचा. दिल्लीला मोमोची गोडी लावली ती लाजपतनगरच्या डोल्मा आंटींसारख्या तिबेटी बायकांनी. त्यांचा ठेला 1994 पासूनचा. पुढं ते प्रकरण एवढं वाढलं की चिराग दिल्लीत घराघरांतून मोमो वळून पिशव्या भरून शहरभर पोचवायला लागले. इचेनं मागच्या गल्लीतल्या दार्जिलिंगच्या एका पोराला गाठलं. त्यानं मैद्याची पारी किती पातळ, चुण्या कशा घालायच्या, वाफ किती, सगळं दाखवलं आणि मोबदल्यात न्गारी नेली. कोबी चिरायला मी होतो. ‘लाभार्थ्यांनी लाभ घ्यावा’ लिहून झाल्यावर कोबी चिरण्यात जे समाधान आहे ते अनुवादकालाच कळेल.

पहिल्या संध्याकाळी मोमोचा तिमजली ॲल्युमिनियमचा डबा उघडला, वाफ गल्लीत शिरली, आणि टेबलाचा कारभार दोन खात्यांत विभागला गेला. टेबलावर चीन, टेबलाखाली मणिपूर. वर हाफ प्लेट, फुल प्लेट आणि लाल चटणी. खाली वाकून, हळू आवाजात, ओळखीच्या लोकांना न्गारी आणि हवाईजार. पोलिसांनी पाहिलं असतं तर त्यांना भलताच संशय आला असता. रात्री गर्दी ओसरली की आमच्यासाठी सिंजू व्हायचा. दिल्लीच्या बाजारात कमलकाकडी ढिगानं मिळते, तिच्या पातळ चकत्या, कोबी बारीक चिरून, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, चिमूटभर न्गारी, आणि एका उमोरोकचा चौथा भाग, तोही सुरीच्या टोकानं. ती मिरची हातानं चुरायची नाही, आणि चुरलीच तर त्या दिवशी डोळा चोळायचा नाही, असं इचे पोरांना दम देऊन सांगायची.

हा दम सगळ्यांना मानवला नाही. ताऊंचा पुतण्या व्यायामशाळेत जाणारा, दंडाभोवती ताईत, भाषा सगळी पैजेची. एकदा त्यानं टेबलावरची उमोरोक उचलली. ‘यो के मिर्च है? म्हारे खेत की खाई है कदे?’ इचे ‘नको’ म्हणेपर्यंत ती देठासकट तोंडात गेलेली. हिचीच आसामातली बहीण भूत जोलोकिया. 2007 मध्ये गिनीजनं तिची जगातली सगळ्यात तिखट मिरची म्हणून नोंद केली होती, दहा लाख स्कोव्हिलच्या वर. पुतण्याला हे आकडे माहीत नव्हते. तो आधी हसला. मग हसू तसंच राहिलं आणि रंग बदलला. मग तो पायरीवर बसला. मग त्यानं शेजारच्या भाजीवाल्याच्या मुळ्याच्या बादलीत तोंड घातलं. शेवटी ताऊंनी म्हैस सोडून धार काढली ती थेट त्याच्या घशात. अर्ध्या तासानं त्याला पहिला शब्द फुटला, तो ‘दीदी’.

त्यानंतर वासाबद्दल गल्लीत कुणी ब्र काढला नाही. ताऊ आल्यागेल्याला सांगू लागले, ‘यो चाइना की मिर्च सै, फौज में भी ना झेल पावे।’

सुरुवातीचे दिवस म्हटले की कमेटी आलीच. महापालिका म्हणायचा शिष्टाचार दिल्लीच्या पटरीवर नाही. तिथं ती कमेटी. गल्लीच्या तोंडाशी चहावाल्याची शिट्टी झाली की ‘कमेटी!’ असा एकच पुकारा व्हायचा आणि पुढचं सगळं कवायतीसारखं. ताडपत्री मी ओढायची, तराजू भावानं घ्यायचा, गरम डबा इचेनं फडक्यात धरायचा, टेबल पुतण्यानं एका हातानं उचलून जिन्यात उभं करायचं. गाडी येईपर्यंत जागेवर काही नसे, फक्त हवेत वाफ आणि प्लेट हातात धरून उभी असलेली चार गिऱ्हाइकं. कमेटीच्या माणसानं एकाला विचारलं, ‘ये कहाँ से लाए?’ तो म्हणाला, ‘घर से।’ 2014 मध्ये पथविक्रेत्यांचा कायदा झाला. प्रत्येक विक्रेत्याची नोंद, प्रमाणपत्र, नगर पथविक्रय समिती असं सगळं त्यात आहे. त्याच्या माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद माझ्याकडेच आला होता. तो मी जिन्यात, त्या उभ्या टेबलाला टेकून केला.

आणि मग तो दिवस उजाडला ज्याची आम्हाला कुणालाच कल्पना नव्हती. टेबलासमोर एक खरा चिनी आला.

चष्मा, पाठीवर पिशवी, हिंदी शिकायला दिल्लीत आलेला. त्याचं हिंदी आमच्या गल्लीतल्या सगळ्यांहून शुद्ध होतं. त्यानं पाटी वाचली, ड्रॅगनकडे बराच वेळ पाहिलं, आणि नमस्कार करून विचारलं, ‘क्षमा कीजिए, यह कौन-सा प्राणी है?’ कुणी उत्तर दिलं नाही. त्यानं चाऊमीन मागितलं; एव्हाना इचे तेही करायला शिकली होती. इचेचा हात झाऱ्यावर थरथरला. मी तिला एवढं घाबरलेलं न्गारीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. त्यानं दोन घास खाल्ले, चाट मसाला ओळखला नाही, आणि विचारलं, ‘यह बहुत स्वादिष्ट है। यह कहाँ का व्यंजन है?’

तोवर रोजची गिऱ्हाइकं त्याच्याभोवती जमली होती. हे सगळे इचेच्या पाण्याच्या नकाशाखालून गेलेले. फुकट भूगोल शिकलेले. आता त्यांना तो वापरायची संधी आली.

‘भाई साहब, आप मणिपुर से?’ एकानं आपुलकीनं विचारलं.

‘जी नहीं, मैं चीन से हूँ।’

‘अरे, शरमाओ मत! हमें सब पता है। इंफाल न?’

तो विद्यार्थी समजावू लागला. शांघाय म्हणाला, पासपोर्टही काढला असता. लोक मान हलवत राहिले आणि एकमेकांना सांगत राहिले की यांना पूर्वी फार त्रास झाला, म्हणून आता आपलं गाव सांगायला संकोचतात. शेवटी त्यानं इचेकडे पाहिलं. इचेनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं हात जोडले आणि म्हणाला, ‘हाँ जी। मणिपुर।’ इचेनं त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत.

या देशात खऱ्या चिन्यांची तशी वानवा कधीच नव्हती. अठराव्या शतकात वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन घेऊन कोलकात्याजवळ साखरेचा कारखाना काढणारा टाँग अच्यू हा पहिला म्हणतात. त्याच्या नावानं तिथं आजही अचिपूर आहे. आपल्याकडचे काही चिनी तर आपण होऊन आलेसुद्धा नाहीत: इंग्रजांनी मलायाकडच्या वसाहतींतून चिनी कैदी आणून महाबळेश्वरच्या तुरुंगात ठेवले. 1864 मध्ये तो तुरुंग बंद झाला, पण तोवर त्यांनी बटाटे नि विलायती भाज्या पिकवून दाखवल्या होत्या. मुंबईत माझगावला 1919 सालचं चिनी देऊळ आहे, आणि सायकलीवर रेशमाचा गठ्ठा लावून दारोदार फिरणारा चिनावाला जुन्या लोकांनी पाहिलेला असतो. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसात चिनी कारागिरांची बुटांची दुकानं होती. या सगळ्यांनीही कधीतरी पहिल्या दिवशी गठ्ठा सोडला असेल, आणि आजूबाजूच्यांनी त्यांना तो उत्तरेला तोंड करून सोडायला सांगितलं असेल. मग 1962 आलं. युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे 3000 लोकांना घरादारातून उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं. त्यांतल्या कित्येकांनी चीन कधी पाहिलेलाच नव्हता. यावर विनोद होत नाही.

खाण्याची गोष्ट वेगळी. ज्याला आपण चायनीज म्हणतो त्याचा मुकुटमणी म्हणजे मंचुरियन. तो 1975 मध्ये मुंबईत क्रिकेट क्लबच्या स्वयंपाकघरात जन्मला, कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांच्या हातून: आलं, लसूण, हिरवी मिरची ही आपली फोडणी, गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस. म्हणजे मंचुरियन हा वडापावचा धाकटा भाऊ, पाळण्यातलं नाव तेवढं परदेशी. आणि दिल्ली त्याच्याही पुढं गेली. आमच्या टेबलावर काही वर्षांनी ‘अफगाणी मोमो’ आला. करणारी मणिपुरी, खाणारा पंजाबी, नाव तिबेटी, आडनाव अफगाणी, आणि वर ओतलेलं मेयोनीज फ्रान्सचं. संयुक्त राष्ट्रांना जे न्यूयॉर्कमध्ये जमत नाही ते तीस रुपयांत हाफ प्लेट.

2018 मध्ये मुनिरकाला मेट्रो आली, गिऱ्हाईक वाढलं, टेबलाचा गाळा झाला. मग 2020 आलं. फेब्रुवारीत आपले रामदासजी आठवले गेटवेसमोर चिनी मुत्सद्द्यांना शेजारी घेऊन ‘गो कोरोना’ म्हणाले. जूनमध्ये गलवान झालं, तेव्हा त्यांनीच चायनीज खाद्यपदार्थ विकणाऱ्या हॉटेलांवर बंदी घाला म्हटलं. मुनिरकात हे दोन्ही गांभीर्यानं घेतलं गेलं. त्या वसंतात इचेला रस्त्यावर ‘कोरोना’ अशी हाक ऐकू आली होती; नऊ-दहा वर्षं तिच्या हातचं खाल्लेल्या गल्लीत नव्हे, दोन गल्ल्या पलीकडे. इकडे पुतण्या काठी घेऊन निघाला होता, त्याला ताऊंनी मास्क लावून परत बसवलं.

टाळेबंदी उठली, पण ‘चायनीज’ ही पाटी ठेवण्याची सोय राहिली नाही. रेवाडीचा पेंटर पुन्हा आला. आता आणखी म्हातारा, रंग मात्र दुप्पट महाग.

‘चायनीज मिटा दूँ? फिर क्या लिखूँ?’

‘मणिपुरी लिखो,’ मी म्हणालो.

इचे नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांपुढं तो महिनाअखेरीचा हिशेब असावा. मग तिची नजर तशीच माझ्यावर स्थिरावली, आणि मला कसंतरी झालं.

‘भैया, आप बंबई से हो ना?’

‘चिपळूण. बंबई से ढाई सौ किलोमीटर.’

‘वडापाव आता है?’

‘येतो,’ मी म्हणालो, ‘पण मुंबईचा नाही, आमच्याकडचा...’

‘बंबई बोलो। दस रुपया ज़्यादा मिलता है।’

पेंटरनं ‘चायनीज’वर पांढरा हात मारला आणि ‘बॉम्बे वडापाव’ लिहिलं. ड्रॅगन पुसायचे वेगळे पैसे पडतील म्हणाला, म्हणून ड्रॅगन राहिला. तसंही ताऊंनी त्याला हात लावू दिला नसता. पहिल्या दिवशी कढईमागे मला उभं केलं. लसणाच्या चटणीत इचेनं माझ्या नकळत सुरीच्या टोकानं उमोरोक टाकली होती, त्यामुळे पहिले दोन तास रांग हलेना.

एका बाईनं वडापाव घेतला, पाटी वाचली, आणि तिच्याबरोबरच्या मुलानं वर बोट केलं.

‘अंकल, बंबई में ड्रैगन होता है?’

मागे वीस माणसं उभी होती. पुढं कढई. मी पाण्यात बोट बुडवलंही होतं.

‘होता है बेटा,’ मी म्हणालो. ‘दादर में।’